आडव्या गाडीला किती रस्ता लागतो

धक्क्यावर एक पोरगा मागची चाकं सरकवत गाडी आडवी घालायचा, म्हणजे ड्रिफ्टिंगचा, सराव करतोय. दर वेळी मागचा भाग पुढे निघून जातो, गाडी गरकन फिरते आणि भलतीकडे तोंड करून थांबते. बाजूला गरी टाकून बसलेले मासेमार त्याची टर उडवतात. २००६ साली आलेल्या 'टोकियो ड्रिफ्ट' या सिनेमातला हा प्रसंग. हसणाऱ्या मासेमारांतला एक आहे केइची त्सुचिया. जपानात ज्याला 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात तोच हा माणूस, आणि सिनेमातल्या स्टंटच्या कामातही त्याचा हात होता. संध्याकाळी गोव्यात बेतीच्या धक्क्यावर गरवायला बसलेली आपली मंडळीही अशा पोराला हसलीच असती. फरक एवढाच की त्सुचियाला नेमकं काय चुकतंय तेही दिसत होतं.

मला हा सगळ्या सिनेमातला सर्वांत खरा प्रसंग वाटतो. बाकी ठिकाणी गाड्या खांबांना बोटभर अंतर ठेवून सरकत जातात, इथे मात्र गाडी चुकते, परत चुकते, आणि चुकायला भरपूर मोकळी फरशी आहे. वीस वर्षं होत आली तरी या सिनेमाचे तुकडे साखळी, डिचोली, फोंड्याच्या पोरांच्या मोबाईलवर फिरतात. त्यांतून त्यांना वेग दिसतो, धूर दिसतो, आवाज ऐकू येतो. त्या सगळ्याखाली पसरलेली रिकामी जागा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ड्रिफ्टिंगमधली सगळ्यात महाग वस्तू तीच आहे.

आधी थोडा इतिहास, कारण सिनेमात तो फारसा येत नाही. १९७०च्या दशकात जपानच्या सर्किटवर कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा रेसर वळणात फार वेगाने शिरून गाडी आडवी सरकवत बाहेर काढायचा. हा गृहस्थ मूळचा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीत २५० सीसी गटात ग्रां प्री जिंकून तो जागतिक शर्यत जिंकणारा पहिला जपानी स्वार ठरला होता. त्याचं पाहून तरुण त्सुचियाने तेच डोंगरातल्या रस्त्यांवर सुरू केलं. त्याची गाडी होती टोयोटाची एई८६: १५८७ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, वजन हजार किलोच्या आत. १९८७ मध्ये त्याच्या डोंगररस्त्यावरच्या ड्रायव्हिंगचा व्हिडिओ बाहेर आला आणि त्यापायी त्याचं रेसिंग लायसन्स काही काळ निलंबित झालं. पुढे २००० साली जपानात 'डी१ ग्रां प्री' ही ड्रिफ्टिंगची रीतसर स्पर्धा सुरू झाली, तिच्या उभारणीतही तोच होता. अमेरिकेत 'फॉर्म्युला ड्रिफ्ट'चा पहिला मोसम २००४चा. म्हणजे सिनेमा आला तेव्हा ड्रिफ्टिंग रस्त्यावरून मैदानात येऊन काही वर्षं झाली होती. सिनेमाने ते पुन्हा पार्किंगच्या तळघरात नेऊन बसवलं.

स्पर्धेत पहिला कोण आला हे बघतच नाहीत. लाइन (आखलेला मार्ग), गाडी किती आडवी आहे तो कोन आणि सादरीकरण यांवर परीक्षक गुण देतात. जोडीच्या फेरीत पुढची गाडी आखलेल्या मार्गाने जाते आणि मागची तिला जितकी चिकटून जाईल तितकं चांगलं. पुढच्याने वाट दाखवायची आणि मागच्याने सावलीसारखं जायचं, मग जागा बदलायच्या. 'कोण जिंकलं?' हा प्रश्न घेऊन बघायला बसलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही.

आता मुळात होतं काय ते. टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि तो प्रत्यक्षात थोडा वेगळ्या दिशेला जात असतो. या दोहोंमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. साध्या रोड टायरची पकड हा कोन ६ ते १० अंशांच्या आसपास असताना सर्वांत जास्त असते. त्यापुढे ती उतरू लागते, पण एकदम संपत नाही. ड्रिफ्ट म्हणजे मागच्या टायरना मुद्दाम त्या उतरणीवर नेऊन तिथेच धरून ठेवणं. पुढचे टायर मात्र पकडीतच असतात आणि गाडी जिकडे चालली आहे तिकडेच बघतात. गाडीचं नाक वळणाच्या आत, पुढची चाकं वळणाच्या बाहेर, हे चित्र त्यामुळेच दिसतं. यात वेळ वाचत नाही. डांबरावर तेच वळण पकड न सोडता घेणारी गाडी लवकर बाहेर पडते. सिनेमात ड्रिफ्ट करणारा शर्यत जिंकतो ती पटकथेची सोय.

सिनेमाच्या गाड्यांची गोष्ट मात्र पटकथेपेक्षा रंजक आहे. नायक ज्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनवर शिकतो, ती मुळात चारही चाकांना ताकद देणारी गाडी. अशा गाडीत पुढची चाकंही ओढत असल्याने ती आडवी होताच सरळ व्हायला बघते, आणि मोठ्या कोनाचा लांबलचक ड्रिफ्ट टिकत नाही. म्हणून चित्रीकरणासाठी पुढच्या चाकांची ड्राइव्ह तोडून ती मागच्या चाकांवर चालणारी केली गेली. शेवटच्या शर्यतीत १९६७च्या फोर्ड मस्टँगमध्ये निसानचं आरबी२६ इंजिन बसवलेलं दाखवलंय: २५६८ सीसी, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो. पण पडद्यावर धावलेल्या सगळ्या मस्टँगमध्ये ते नव्हतं, काहींत फोर्डचंच व्ही-८ होतं. आपटायच्या गाडीत दुर्मिळ इंजिन कोण घालेल? पार्किंगच्या गोल रॅम्पचा प्रसंग टोकियोतला नाहीच. तो लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न इथल्या बंद पडलेल्या मॉलमध्ये चित्रित झाला. डोंगरातला घाटही कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएल पर्वतातला. शिबुयाच्या चौकात गाड्या आल्यावर दुभंगणारी गर्दी बरीचशी संगणकाने भरलेली. थोडक्यात, टोकियोत जागा नव्हती म्हणून जागा दुसरीकडून आणली. इतका पैसा हाताशी असलेल्या लोकांनाही खऱ्या रस्त्यावर हे जमवता आलं नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

जागेचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. सिनेमातल्या खलनायकाची निसान ३५०झेड साधारण ४.३ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद. सरळ जाताना तिला १.८ मीटर पुरतात. ३० अंशांत आडवी केली की ती ३.७ मीटर रस्ता व्यापते, ४५ अंशांत ४.३. आपल्याकडे गावातल्या एकपदरी रस्त्याची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर, दुपदरीची ७. म्हणजे पेडणे किंवा सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असताना, अशी गाडी ४५ अंशांत नुसती उभीसुद्धा करता येणार नाही. शिवाय हे माप चूक न झाल्यासचं. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. सुधारायला अर्धा सेकंद उशीर झाला की सात मीटर गेले. ताशी ६० वरून पकड सुटलेली गाडी कोरड्या डांबरावर साधारण २० मीटरमध्ये थांबते, तांबड्या चिखलावर तिला ४५ ते ५० मीटर लागतात. चोर्ल्याच्या घाटात केरीहून वर चढताना कुठल्या वळणाबाहेर ५० मीटर मोकळी जागा आहे? अनमोडच्या घाटात समोरून भरलेला ट्रक येत नाही असा तास कुठला?

बरं, गाडी कुठली? गोव्यातल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात हँडब्रेक ओढला की मागचा भाग सरकतो, पण तो सरकता ठेवायला मागे ताकदच नसते. एकदा सरकून जे व्हायचं ते होतं आणि वेग संपतो. नव्या गाड्यांत तर हँडब्रेकच्या जागी बटण आलंय. चालत्या गाडीत ते ओढून धरलं तर बहुतेक मॉडेलांत संगणक सगळ्या चाकांचे ब्रेक लावून गाडी सरळ रेषेत उभी करतो. ते योग्यच आहे.

मागच्या चाकांवरच्या देशी गाड्यांत पद्मिनी आणि ॲम्बेसेडर आता जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या. कॉन्टेसाला नंतरच्या काळात इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन मिळालं, लांब व्हीलबेसमुळे (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरामुळे) ती सावकाश, समजूतदारपणे आडवी होते. पण तिचे भाग मिळवता मिळवता माणूस आडवा होतो. ओम्नी मागच्या चाकांवर चालते म्हणून कुणीतरी तिचं नाव काढतंच. तिचं ७९६ सीसी इंजिन पुढच्या सीटखाली, चालवणाऱ्याचे गुडघे पुढच्या चाकांच्याही पुढे आणि त्यांच्यापुढे फक्त पत्रा. त्या गाडीने भाजी आणावी. जिप्सी ट्रान्सफर केस टू-एचमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या ड्राइव्हवर ठेवून, पुढच्या चाकांचे हब फ्री केले की मागच्या चाकांवर चालते. रॅलीवाल्यांचा तिच्यावर जीव आहे तो उगाच नाही. पण ती अरुंद आणि उंच, म्हणून फक्त मातीवर आणि चिखलावर. पकड असलेल्या डांबरावर तिला आडवी घातली तर सरकण्याऐवजी ती कलंडते. शिवाय मागे पाटे असल्याने ताकद दिली की ॲक्सल पिळला जातो आणि चाकं थडथड उड्या मारू लागतात. यावर इलाज म्हणजे ॲक्सलपासून चासीपर्यंत ट्रॅक्शन बार बसवणं. हे न करता कुणी जोर लावत राहिला तर आधी मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) जातो आणि मग मागच्या ॲक्सलमधला क्राऊन-पिनियन गिअर वाजायला लागतो.

कलंडण्याचाही हिशेब आहे. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. साध्या सेडानमध्ये उत्तर १.३ ते १.५ येतं, उंच गाड्यांमध्ये १ ते १.३. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर पडते. आडव्या सरकणाऱ्या गाडीचं चाक डांबराच्या कडेवरून मऊ साइडपट्टीत उतरलं की ते रुततं आणि गाडी त्या चाकावर पाय अडकून पडावी तशी पडते. आपल्या रस्त्यांची कड पावसाळ्यानंतर किती खचलेली असते ते गोव्यात गाडी हाकणाऱ्याला सांगायला नको.

जाणकार हल्ली सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३ सिरीजकडे वळतात, विशेषतः ई९० पिढीच्या. ड्राइव्ह मागे, वजन पुढे-मागे जवळपास सारखं, हँडब्रेक अजून दांड्याचा. पण घेतली आणि सुरू केली असं होत नाही. गाडी सरकू न देणाऱ्या स्टॅबिलिटी कंट्रोलचं बटण एकदा दाबलं तर तो अर्धाच सुटतो, पूर्ण बंद करायला काही सेकंद दाबून धरावं लागतं. हँडब्रेकचे लायनर मागच्या डिस्कच्या आत बसवलेल्या छोट्या ड्रममध्ये असतात. ते गाडी उभी करण्यापुरते. ओढाओढीत लवकर संपतात. म्हणून मागच्या ब्रेक लाइनमध्ये वेगळा मास्टर सिलिंडर घालून हायड्रॉलिक हँडब्रेक बसवतात. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे, टायर काढून साधे घालावेत, कारण रनफ्लॅटची भिंत कडक असते आणि पकड सुटताना पुरेसा इशारा देत नाही.

सगळ्यात आधी पैसा लावायचा तो डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरवर. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलमध्ये वळणात आतलं चाक हलकं झालं की सगळी ताकद तिकडेच पळते. एक चाक जागेवर फिरून धूर काढतं आणि गाडी सरळ होते. पोरं याला 'ताकद कमी पडते' म्हणतात. ताकद असते, पोचत नाही. उपाय दोन. पहिला, क्लच प्लेटवाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, जो एकच चाक सुटू देत नाही. ड्रिफ्टिंगसाठी त्यातला टू-वे किंवा दीडवे प्रकार, कारण ॲक्सिलरेटर सोडल्यावरही मागची चाकं बांधलेली राहायला हवीत. नवा बसवल्यावर मोकळ्या जागेत सावकाश आठाचे आकडे काढून प्लेट बसू द्याव्यात आणि मग पहिलं ऑइल लगेच बदलावं. दुसरा स्वस्तातला उपाय म्हणजे आतले स्पायडर गिअर वेल्ड करून टाकणं. दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतात. वेल्डिंगचे कण ऑइलमध्ये सुटतात आणि बेअरिंग खातात, म्हणून घर नीट धुऊनच बंद करावं. अशी गाडी पार्किंगमध्ये वळताना टायर किंचाळतात, हाफशाफ्टवर सारखा पीळ पडतो, आणि पावसात छोट्या वेगात वळायला गेलं तर ती वळायच्या ऐवजी सरळ पुढे ढकलली जाते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत हे करूच नये. थार आणि बोलेरोच्या काही मॉडेलांत येणारा मेकॅनिकल लॉकर यासाठी नाही. तो चिखलात रुतलेल्या चाकासाठी कमी वेगात लागतो आणि वेग वाढला की आपोआप लागेनासा होतो.

मग स्टिअरिंगचा कोन. कारखान्यातून येणाऱ्या गाडीची पुढची चाकं साधारण ३५ ते ४० अंश वळतात. स्पर्धेच्या गाड्यांत नकल (चाक वळवणारा सांधा) बदलून हाच कोन ६० अंशांच्या घरात नेतात. जितकं जास्त वळण, तितक्या मोठ्या कोनातून गाडी परत आणता येते. इथे घाई करणारे टाय रॉडला (स्टिअरिंगकडून चाक ढकलणाऱ्या दांड्याला) स्पेसर लावून मोकळे होतात, आणि मग पूर्ण वळवलेल्या चाकांत टाय रॉड आणि स्टिअरिंग आर्म एका रेषेत येऊन चाकं तिथेच अडकतात. ऐन ड्रिफ्टमध्ये हे झालं की स्टिअरिंग ओढूनही परत येत नाही. स्पेसर घातल्यावर गाडी जॅकवर घेऊन, सस्पेन्शन वर-खाली करून, दोन्ही टोकांना हे तपासायलाच हवं. पुढे कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) उणे ३ ते ५ अंश, मागे शून्य ते उणे १, कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या आसाचा कल) ६ ते ८. कॅस्टर भरपूर असला की सोडलेलं स्टिअरिंग आपणहून योग्य बाजूला धावतं, अर्धं काम तेच करतं.

आडव्या गाडीत उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. वारा रेडिएटरवर समोरून येत नाही आणि इंजिन मात्र सारखं चढ्या फेऱ्यांवर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात गाडी तापायला चार-पाच फेऱ्या पुरतात. त्याच वेळी पॉवर स्टिअरिंगचं ऑइल उकळून डब्यातून बाहेर येतं, कारण टोकापासून टोकापर्यंत स्टिअरिंग इतक्या झपाट्याने फिरवण्यासाठी तो पंप केलेलाच नसतो. त्याला छोटा कूलर लावणं हे हजार शोभेच्या वस्तूंपेक्षा उपयोगाचं. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नये, बाजूच्या रेट्याने ते पंपापासून दूर जातं आणि इंजिन ऐनवेळी खोकतं.

शिकायची रीत साधी आहे, सिनेमात दाखवतात तितकी देखणी नाही. मोकळ्या जागेच्या मधोमध एक शंकू ठेवायचा. चहूबाजूंना निदान ३० मीटर काही नको: खांब नको, गटार नको, बघे तर नकोतच. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त, ४० पीएसआयच्या आसपास, टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. पुढे ३२. मागे जुने, घट्ट झालेले पण तारा न दिसणारे टायर चालतात. पुढचे मात्र चांगले हवेत, गाडी सांभाळतात ते पुढचेच. हेल्मेट घालावं, आणि अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांत अडकवू नयेत. चाक दगडाला लागून झटका बसला तर अंगठा मोडतो.

ओल्या फरशीवर पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये शंकूभोवती सावकाश गोल फिरायचं, क्लच दाबून फेऱ्या ३५०० ते ४००० पर्यंत चढवायच्या आणि क्लच एकदम सोडायचा. मागचा भाग सुटला की स्टिअरिंग ओढू नये, हातातून सरकू द्यावं, हवं तिथे धरावं. पुढचं सगळं उजव्या पायात आहे. जास्त दाबलं की कोन वाढतो, कमी केलं की गाडी आत येते. सिनेमात नायकाचा गुरू एका बाईच्या गाडीभोवती एकाच मापाने गोल फिरतो, तो प्रसंग सगळ्यांना फुशारकीचा वाटतो. एकाच त्रिज्येवर, ठरलेल्या अंतरावर गाडी फिरत ठेवणं हीच खरी पहिली परीक्षा आहे. दोन्ही बाजूंनी हा गोल जमल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, आणि बहुतेकांची एक बाजू कायमची कच्ची राहते.

त्यानंतर २०-२५ मीटरवर दोन शंकू ठेवून आठाचा आकडा. इथे गाडी एका बाजूवरून दुसरीवर झुलते तो क्षण अवघड. ॲक्सिलरेटर किंचित सोडला की वजन सरकतं, गाडी दुसरीकडे झुकते, स्टिअरिंग हातातून भर्रकन फिरतं, आणि मग योग्य जागी धरून परत ताकद द्यायची. हँडब्रेकने आत शिरायचं असेल तर आधी क्लच, मग हँडब्रेक, तोही बटण दाबून धरूनच, नाहीतर दाते अडकून तो लागलेलाच राहतो. क्लच न दाबता ओढला तर मागची चाकं इंजिनालाच बंद पाडतात. क्लच किक, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून क्लचला झटका देणं, कमी ताकदीच्या गाडीत फार कामाचं. पण त्यात क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, शाफ्ट असं सगळं झिजतं, हे बिल आधीच मनात धरावं.

गाडी फिरायचीच. फिरली की दोन्ही पाय खाली: क्लच आणि ब्रेक. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. खरी भीती दुसऱ्या चुकीची. गाडी आडवी असते, पुढची चाकं उलट वळवलेली, आणि घाबरून चालवणारा ॲक्सिलरेटर एकदम सोडतो. मागच्या टायरना पकड परत मिळते आणि गाडी पुढची चाकं जिकडे बघताहेत तिकडे, म्हणजे विरुद्ध बाजूला, फटकन उसळते. रस्त्यावरच्या व्हिडिओंमध्ये गाडी शेवटी बघ्यांच्या घोळक्यात घुसते ती बहुतेक अशीच. गाडीचं नाक वळणाच्या आत आहे म्हणून बघे निर्धास्त असतात, आणि गाडी बाहेरच्या बाजूला येते.

गोव्यात यात आपली मातीही भाग घेते. जांभ्याची तांबडी धूळ, खनिजपट्ट्यात ट्रकांतून सांडलेली भुकटी, आणि रस्त्यावर साचलेलं तेल. जूनच्या पहिल्या सरीत या तिघांची पातळ लापशी होते आणि पहिला अर्धा तास रस्ता नंतरच्या मुसळधारेपेक्षा निसरडा असतो. तेव्हा गाडी सुटते, त्याला ड्रिफ्ट म्हणू नये. चारही टायर एकदम सुटतात आणि मागच्या-पुढच्याचा फरकच उरत नाही. पाणी साचलेल्या सरळ रस्त्यावर ३२ पीएसआय हवा असलेला टायर ताशी नव्वदच्या आसपास पाण्यावर तरंगू लागतो, झिजलेला त्याआधीच. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही बाद.

आणि किनारा. भाड्याची थार घेऊन, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिरवत, वाळूत गोल मारणारे पाहुणे दर मोसमात दिसतात. किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, हे एक. ओहोटीची घट्ट दिसणारी ओली वाळू चाक जागेवर फिरलं की खालून सुटते, गाडी ॲक्सलपर्यंत बसते, आणि भरती काही तासांत परत येते, हे दुसरं. खारं पाणी ब्रेक, बेअरिंग, वायरिंगच्या जोडांत जाऊन बसतं ते नंतर महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे गाडी घालणाऱ्याबद्दल काय बोलायचं?

कायदा वाचायला फार वेळ लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीत परवानगीशिवाय बदल केले तर मालकाला वेगळी शिक्षा, तीही दर बदलामागे. चालवणारा अल्पवयीन निघाला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. विम्याच्या पॉलिसीतही संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

यावर पोरांचं म्हणणं असतं की मग करायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. कायमची सर्किटं म्हणजे कोईमतूरचं कारी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडाचं बुद्ध. सगळी दूर. पण ड्रिफ्टिंगच्या सरावाला सर्किट लागत नाही. आपल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, फुटबॉलच्या मैदानाएवढी सपाट फरशी, कडेने एकमेकांना बोल्टने बांधलेले जुने टायर, त्यामागे पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे, आग विझवायचे सिलिंडर, एक रुग्णवाहिका, जागेच्या मालकाची आणि सरकारची लेखी परवानगी, आणि स्पर्धा घ्यायची तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेची मान्यता. गाडीवर उडवल्या जाणाऱ्या पैशांपुढे हा खर्च फार मोठा नाही. कमी पडतो तो कागदपत्रांचा कंटाळा न करणारा माणूस.

आणि असं मैदान मिळालंच तर सरावाला पावसाळा उत्तम. ओल्या फरशीवर कमी वेगात पकड सुटते, टायर टिकतात, क्लचवर ताण कमी, गाडी तापत नाही. फक्त जांभ्यावर शेवाळ धरलं असेल तर आधी ब्रश मारून घ्यावं, आणि चिखलाखाली उघडे दगड नाहीत ना ते चालून बघावं.

घरी नेण्याआधी गाडी थंड होऊ द्यावी. चाकांचे नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला परत आवळावेत, बऱ्याच कारमध्ये तो ९० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टाय रॉड एंडचे रबरी बूट फाटलेत का, शाफ्टचे बूट ग्रीस ओकताहेत का ते बघावं. मागच्या ड्रममधला तांबडा चिखल त्याच दिवशी धुवावा. वाळला की तो लायनर आणि ड्रम दोन्ही घासतो आणि हँडब्रेक धरेनासा होतो. डिफरन्शियलचा प्लग उघडला तर त्याच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असणारच. बोटांत टोचणारे तुकडे लागले, तर गाडी तिथून ढकलून न्यावी.